कुंभाराची ओली भिंत

नदीकाठच्या एका गावात एक कुंभार राहत होता. मातीच्या भिंतींचं घर, अंगणात चाक आणि मागे मडकी भाजायचा आवा. घरात बायको आणि पाच महिन्यांची लेक.

एका वर्षी नदीला मोठा पूर आला. दोन दिवस सगळं गाव टेकडीवरच्या देवळात बसून होतं. तिसऱ्या दिवशी पाणी ओसरलं, लख्ख ऊन पडलं. कुंभार, बायको आणि लेक घरी आले. भिंती जागच्या जागी उभ्या होत्या.

"बघ, एक ढेकूळसुद्धा हललं नाही!" कुंभार म्हणाला. "आत शेकोटी पेटवतो. संध्याकाळपर्यंत भिंती वाळतील. देवळाच्या गार फरशीवर पोरीला खोकला लागलाय, आज तिला पाळण्यात निजवू."

बायको उंबऱ्याबाहेरच थांबली. "अहो, आत नका जाऊ."

"का? भूत बसलंय का आत?" हसत तो मागच्या भिंतीशी गेला आणि वरच्या वाशाला पाळण्याची दोरी बांधू लागला.

वासा करकरला. बायकोने पोरीला छातीशी घट्ट धरलं.

"अहो, मडकं घेताना गिऱ्हाईक आधी काय करतं?"

"टिचकी मारतं."

"मग मारा की भिंतीला!"

त्याने बोटाने ठोकलं. भद! वरून बारीक चुरा त्याच्या खांद्यावर पडला. त्याचं हसू मावळलं.

"ओलं मडकं आव्यात घातलं तर?" बायकोने विचारलं.

"फुटतं," तो हळूच म्हणाला.

"मग हे घर कशाचं आहे?"

कुंभाराने दोरी सोडली.

"आणि पाळणा?" त्याने विचारलं.

"राहू दे तो! तुम्ही आधी बाहेर या!"

तो अंगणात पोचतो न पोचतो तोच मागची भिंत धाडकन आत कोसळली. चिखलाच्या ढिगातून फक्त दोरीचं टोक दिसत होतं.

त्यानंतर कुंभाराने घाई केली नाही. टेकडीवरच्या शेजाऱ्याने त्यांना कोरडी खोली दिली. बायको पाणी उकळूनच प्यायला देई. कुंभाराने उरलेल्या भिंतींना बाहेरून टेकू दिले, दारं-खिडक्या उघड्या टाकल्या. रोज सकाळी तो बाहेरूनच भिंतीला टिचकी मारायचा.

"काय कुंभारदादा, घर विकत घेताय की काय?" लोक चेष्टा करायचे.

"हो, पण माल अजून कच्चा आहे," तो म्हणायचा.

महिन्याभराने भिंतीचा आवाज टणक आला. मग त्याने चिखल उपसला आणि पडलेली भिंत नव्याने उभारली. तीही वाळली, तेव्हा बायकोने स्वतः टिचकी मारून पाहिली.

"आता बांधा दोरी," ती म्हणाली.

तात्पर्य एवढंच, की पाणी गेलं म्हणून धोका गेला असं समजू नये. घराला वाळायला वेळ देणं हेही घरच्यांना जपणंच आहे.