चार मिनिटांचा फोटो

“मग मला सरळ सांगा चाचा, याला सिनेमा म्हणायचं की नाही?”

इब्राहिम मणेर अंगणात खुर्चीवर बसून लसूण सोलत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“नाही कोण म्हणतं?”

“हौशी चित्रपट महोत्सवाची समिती.”

उज्ज्वला लोहार कागलच्या बाजारपेठेत फोटो स्टुडिओ चालवायची. पासपोर्टचे फोटो, लग्नाचे अल्बम. मणेरचाचांनी चाळीस वर्षं सिनेमाचा कॅमेरा चालवलेला. उजेड कसा बघायचा हे तिला त्यांनीच शिकवलं होतं. तिला त्यांचा अभिमान होता, आणि आपल्या हाताचा त्याहून थोडा जास्त.

“अध्यक्ष म्हणाले, बाई, हा फोटोचा कॅमेरा. यावर व्हिडिओ निघतो म्हणून सिनेमा होत नाही. आणि यात काही हलतच नाही. आठ दिवसांत खऱ्या कॅमेऱ्यावर पुन्हा काढून आणा, मग बघू.”

“म्हणून माझा कॅमेरा मागायला आलीस.”

“हो. त्यांना दाखवून देणार आहे मी.”

“आधी मला दाखव.”

तिने कॅमेरा त्यांच्या हातात दिला. मागे पत्त्याच्या पानाएवढा पडदा.

पडद्यावर खडीचा क्रशर होता आणि त्याच्यापुढे ओळीत पाच बाया. मालकाला कामगारांच्या सुरक्षेचा फलक लावायचा होता, त्यासाठी फोटो हवा होता. गेटवर मोबाइल काढून घेत. फोटोचा कॅमेरा मात्र मुकादमाने स्वतः आत आणला. पाचीजणींना कोरे मास्क वाटले होते, फोटोपुरते.

आदल्या संध्याकाळी उज्ज्वला वस्तीत जाऊन आली होती. या कॅमेऱ्यात चालतं चित्रही निघतं, हे तिने बायांना सांगितलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, आमच्यानं उभं राहवेल तेवढा वेळ चालव.

पडद्यावर पाचीजणी मास्क हातात धरून उभ्या होत्या. तोंडं उघडी. भुवयांवर पांढरी भुकटी बसत होती.

“मास्क लावा की गं,” मुकादमाचा आवाज.

कुणी हललं नाही.

“झाला का फोटो?”

“अजून नाही.” हा उज्ज्वलाचा आवाज.

वारा आला. धूळ उडाली. चौथीला खोकला आला. अंग हादरलं, पाय जागचे हलले नाहीत.

“बाई, झाला का?”

“अजून नाही…”

चार मिनिटं.

उज्ज्वलाने चाचांकडे पाहिलं, आणि ती चपापली. त्यांचे गुडघे दोन वर्षांपूर्वीच गेलेले. उठायला धरणारं माणूस लागायचं. ते उभे होते. मांडीवरची लसणाची सालं पायाशी सांडली होती.

“बसा ना चाचा.”

“त्या उभ्या आहेत.”

चित्र संपलं, तरी ते उभेच होते.

“ही पहिली कोण?”

“गौराबाई.”

“धुळीत पापणी लवली नाही तिची.”

“मी विचारलं तिला. म्हणाली, बारा वर्षं डोळे बारीक करूनच खडी उचलली. एक दिवस म्हटलं उघडे ठेवावेत.”

चाचांनी दाराआतल्या, कॅमेऱ्याच्या काळ्या पेटीकडे बोट केलं.

“घे.”

तिने पेटी उचलून अंगणात आणली. दोन्ही हातांना रग लागली, पण चेहरा फुलला.

“आता त्यांना परत उभं करणार?” चाचांनी विचारलं.

“क्रशरवर नाही जमायचं. दुसऱ्याच दिवशी पाचीजणींना गेटवरून परत पाठवलं.”

“मग?”

“एखाद्या बंद खाणीत करीन. मास्क मी देईन. मुकादमाच्या जागी कुणाला तरी घेईन. उभं कसं राहायचं, बघायचं कुठं, ते मी सांगीन, आणि त्या तशा…”

ती थांबली.

असं कुणीतरी त्या बायांशी नुकतंच बोललं होतं. तो मुकादमाचा आवाज तिच्याच कॅमेऱ्यात होता.

चाचा खुर्चीचा हात धरून सावकाश खाली बसले. तिच्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

उज्ज्वलाने पेटी उचलली आणि आत, होती तिथे ठेवून आली. पर्समधून समितीचा कागद काढला. ‘नव्याने चित्रण करणार का?’ या ओळीपुढे तिने ठसठशीत अक्षरात लिहिलं, ‘नाही.’

मग खाली आणखी लिहिलं. ‘याच कॅमेऱ्यावरचा हाच सिनेमा आहे. आपल्याला नको असेल, तर रविवारी गौराबाईंच्या वस्तीत भिंतीवर दाखवणार आहोत. पाचीजणी असतील. आपणही यावं.’

तिने कागद चाचांपुढे धरला. त्यांनी तो वाचला आणि परत दिला. घाबरल्यासारखी ती दिसत नव्हती. पण एक प्रश्न राहिला होता.

“अध्यक्ष तिथं येऊनही तेच म्हणाले तर? यात काही हलत नाही म्हणून?”

“म्हणतील.”

“मग काय सांगू?”

चाचांनी लसणाची एक पाकळी उचलली.

“सांग… हलायची पाळी आता बघणाऱ्याची.”