भुरी, अंडं आणि करवंट्यांचं चाक

एक होती टोपली. टोपलीत होता पेंढा. पेंढ्यात होतं एक पिल्लू आणि एक अंडं.

पिल्लाचं नाव भुरी. अंड्याला नाव नव्हतं. आत भुरीचा भाऊ होता.

आई कोंबडी अंड्याची वाट बघून कंटाळली. बाकीची पिल्लं घेऊन परसात गेली. भुरी गेली नाही. भुरी भावापाशी राहिली.

टोपलीवर एक पिवळा दिवा होता. तो अंड्याला ऊब द्यायचा.

दिवा रावजी आजोबांनी लावला होता. एकट्याने. त्यांनी ओढ्याला बांध घातला. बांधापासून पाट काढला. पाटाखाली चाक बसवलं. चाकाला करवंट्या बांधल्या. पाणी करवंटीत पडे, चाक फिरे. चाक फिरे, डायनामो गुरगुरे. डायनामो गुरगुरे, दिवा लागे.

काल सगळी वाडी दिवा बघायला आली. आजोबा हसले नाहीत. पण त्यांची मिशी हलली.

आज सकाळी दिवा विझला. लुक. लुक. गुप.

टोपली गार. पेंढा गार. अंडं गार.

आतून आवाज आला. टक.

"भावा, थांब," भुरी म्हणाली. "मी ऊब आणते."

भुरीने मान वर केली.

"दिवेदादा, दिवेदादा, लागा ना. अंड्याला ऊब मिळेना."

दिवा म्हणाला, "मी नाही लागत जा. आधी डायनामोला गुरगुरायला सांग."

भुरीने टोपलीतून उडी मारली. टुपुक. निघाली तुरुतुरु, तुरुतुरु.

"डायनामोकाका, डायनामोकाका, गुरगुरा ना. दिवा लागेना. अंड्याला ऊब मिळेना."

डायनामो म्हणाला, "मी नाही गुरगुरत जा. आधी चाकाला फिरायला सांग."

भुरी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"चाकमामा, चाकमामा, फिरा ना. डायनामो गुरगुरेना. दिवा लागेना. अंड्याला ऊब मिळेना."

चाक म्हणालं, "माझ्या करवंट्या बघ. कोरड्या ठाक. मी नाही फिरत जा. आधी पाण्याला पाटात यायला सांग."

भुरी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"पाणीबाई, पाणीबाई, पाटात या ना. चाक फिरेना. डायनामो गुरगुरेना. दिवा लागेना. अंड्याला ऊब मिळेना."

पाणीबाई म्हणाली, "बांधाला भोक पडलंय. मी तिथून पळते. फार मजा येते. मी नाही येत जा. आधी खेकड्याला भोक बुजवायला सांग."

भुरी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"खेकडेबुवा, खेकडेबुवा, भोक बुजवा ना. पाणी पाटात येईना. चाक फिरेना. डायनामो गुरगुरेना. दिवा लागेना. अंड्याला ऊब मिळेना."

खेकड्याने दोन डोळे वर काढले.

"हे भोक नाही. हे माझं मागचं दार. पुढच्या दारावर आजोबांनी दगड ठेवला. मग मी निघू कुठून? मी नाही बुजवत जा. आधी आजोबांना दगड काढायला सांग."

भुरी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

रावजी आजोबा पडवीत बसले होते. कोरा चहा पीत होते. फुर्र. फुर्र.

"आजोबा, आजोबा, दगड काढा ना. खेकडा भोक बुजवेना. पाणी पाटात येईना. चाक फिरेना. डायनामो गुरगुरेना. दिवा लागेना. अंड्याला ऊब मिळेना."

आजोबा म्हणाले, "ओढ्यातला सगळ्यात चांगला दगड आहे तो. मी ठेवलाय. मी नाही काढत जा. आधी खेकड्याला भोक बुजवायला सांग."

भुरी खेकड्याकडे गेली. खेकडा म्हणाला, "आधी दगड."

भुरी आजोबांकडे आली. आजोबा म्हणाले, "आधी भोक."

तुरु, तुरु. तुरु. तु.

भुरी दमली. आजोबांच्या पायावरच बसली.

चुलीपाशी भागीआजी होती. ती म्हणाली, "अहो, खेकड्याशी भांडताय? वय काय तुमचं?"

"त्याचं विचार," आजोबा म्हणाले.

"बसा दगड घेऊन. तिकडे अंडं गार पडलंय."

आजोबांनी कप खाली ठेवला. भुरीला तळहातावर घेतलं. टोपलीपाशी गेले. अंड्याला कान लावला.

टक. अगदी हळू.

आजोबांनी बोटाने अंड्यावर वाजवलं. टक टक. आत कोण आहे?

टक.

आजोबांचं बोट तिथेच थांबलं. त्यांना काहीतरी आठवलं.

आजोबांचा एक नियम होता. ओढ्याकाठी दगड ठेवायचा, तर आधी जमिनीवर ठोकायचं. टक टक. आत कोण आहे? कोणी असेल, तर दगड दुसरीकडे. वाडीतल्या सगळ्या पोरांना आजोबा हे सांगत.

आणि स्वतःच ठोकायला विसरले.

आजोबा उठले. धोतर वर खोचलं. ओढ्यात उतरले. दगडाला हात घातला. हुप्प.

पुढचं दार उघडलं. खेकडा बाहेर आला. खुडुक खुडुक.

"ठोकायचं होतं," खेकडा म्हणाला.

"होतं," आजोबा म्हणाले.

आजोबांनी दगड बाजूला ठेवला. आधी ठोकून बघितलं. टक टक. आत कोणी नव्हतं.

मग काय झालं?

आजोबांनी दगड काढला, खेकड्याने भोक बुजवलं. चिखल आणला, थापला. थप थप.

खेकड्याने भोक बुजवलं, पाणी पाटात आलं. झुळुझुळु.

पाणी पाटात आलं, चाक फिरलं. भिर्र भिर्र.

चाक फिरलं, डायनामो गुरगुरला. गुर्र गुर्र.

डायनामो गुरगुरला, दिवा लागला. लुक. लुक. लख्ख.

दिवा लागला, अंड्याला ऊब मिळाली.

भुरी टोपलीत बसली. अंड्याला चिकटून बसली. आजोबाही बसले. चहा गार झाला. त्यांनी नवा मागितला नाही.

टक. टक टक. टक टक टक.

कट्ट.

एक चोच आली. एक डोळा आला. एक ओला ओला पाय आला. मग आला सगळा भाऊ.

भाऊ म्हणाला, "भुरीताई, केवढा उशीर."

भुरी काही बोलली नाही. भुरी आज खूप बोलली होती.

आजीने भुरीला मूठभर कण्या दिल्या. आजोबांनी भावाला नाव दिलं. टक्या. मग आजोबा हसले. मिशीसकट हसले.

अजून रोज सकाळी आजोबा ओढ्यावर जातात. बांधावर ठोकतात. टक टक. आत कोण आहे?

"मी आहे," खेकडा म्हणतो. "झोपू द्या."

पाणी गेलं चाकाला,
ऊब आली टक्याला,
गोष्ट आली दाराला.

टक टक.

पांघरुणात कोण आहे?