मागून येणाऱ्यांचं पाणी

फार मागची गोष्ट. डोंगरातल्या एका देवराईत उन्हाळ्यात एकच डबकं उरायचं. त्याच्या काठावर शेंदूर फासलेला दगड होता. जास्त प्यायलं तर देव कोपेल, म्हणून दगडाकडे बघत जो तो चार घोट पिई आणि बाजूला होई. साळू साळिंदर मात्र दगडापुढे कधी डोकं टेकवत नसे. पिई तीही तेवढंच.

एका वर्षी काठाची कड ढासळली आणि दगड दरीत गेला. मग काय, डबक्यावर नुसती झुंबड उडाली.

"पी गं पोटभर!" रानडुक्कर म्हणालं. "आता बघायला कोण आहे?"

साळूला तिची आई आठवली. पाणी पिता पिता ती मान वळवून पायवाटेकडे बघायची, आणि तिच्या पोटाला बिलगून छोटी साळूही बघायची.

साळू चार घोट पिऊन मागे सरली.

"अगं, तू तर देव मानतच नव्हतीस! मग भितेस कुणाला?"

"भीत नाही रे. ते बघ, कासवआजोबा निघालेत. पोचेपर्यंत संध्याकाळ होईल त्यांना."

रानडुकराने मान वळवली. इतकी वर्षं ते दगडाकडेच बघून पाणी प्यायलं होतं. पायवाट त्याने आज पहिल्यांदा पाहिली.