तेरावा माणूस

फार वर्षांमागे खाडीकाठच्या एका चर्चमध्ये वेदीवरचा चांदीचा पेला पितळी परातीला हिणवायचा, "तू पाय धुण्यापुरती. लांब सरक!"

ईस्टरआधीच्या गुरुवारी रिवाजाप्रमाणे फादरांनी त्या परातीत बारा गावकऱ्यांचे पाय धुतले. सगळे गेले, दारं लागली. तरी बाकावर तेरावा माणूस बसलेला होता. त्याला सावली नव्हती.

त्यानं मातीनं भरलेले पाय परातीत ठेवले. दोन्ही पायांना खिळे ठोकल्यासारखी आरपार भोकं होती. पाणी लाल झालं.

"पाणी पुरेना, दादा," परात पेल्याला म्हणाली. "थोडं आणता?"

पेला वेदीच्या पायऱ्या उतरला, पाणी भरून त्या पायांवर ओतत राहिला.

सकाळी चर्चचा राखणदार इनास ओरडला, "पेला खाली कुणी आणला?" त्यानं तो पुसून वेदीवर ठेवला.

पाठ वळताच पेला पुन्हा परातीशेजारी होता.