पाण्यात उभे राहणारे पंच

गोष्ट जुनी आहे, पण फार लांबची नाही. डोंगराच्या उतारावर एक गाव होतं आणि गावाच्या थोडं वर एक मोठं चिबड होतं. चिबड म्हणजे पाणथळ जागा. धड शेत नाही की धड तळं नाही. नांगर घातला तर रुतायचा आणि होडी घातली तर चिखलात बसायची. लव्हाळे, पाणकणसं, चार बगळे आणि अखंड ओरडणाऱ्या टिटव्या, एवढाच तिथला संसार.

येणारे जाणारे म्हणायचे, "एवढी जमीन वाया घालवलीत की हो."

गावकरी नुसते हसायचे. पावसाळ्यात डोंगरावरून धावत येणारं गढूळ पाणी त्या चिबडात शिरायचं, लव्हाळ्यांत अडायचं, माती खाली टाकायचं आणि निवळ होऊन सावकाश जमिनीत मुरायचं. तेच पाणी खालच्या विहिरींत उतरायचं. ऐन वैशाखात शेजारच्या गावांतल्या बायका घागरी घेऊन कोस कोस चालायच्या, तेव्हा या गावच्या विहिरींत दोर थोडाच सोडावा लागायचा.

म्हणून गावानं चिबडासाठी पाच पंच नेमले होते. जिथवर लव्हाळे उगवतात आणि त्याच्या कडेनं गवताचा जो पट्टा आहे, तिथवर पंचांना विचारल्याशिवाय कुणी खणायचं नाही, भिंत घालायची नाही, उकिरडा करायचा नाही. नियम सोपा होता. पंचांची रीत मात्र जरा वेगळी होती.

हे पंच चावडीवर बसत नसत. ज्याला जिथं काही करायचं असेल, नेमकं तिथंच ते चिबडात उतरत आणि घोटाभर पाण्यात अनवाणी उभे राहत. मागणाराही त्यांच्यासमोर तसाच उभा राही. निकाल होईपर्यंत कुणी पाण्याबाहेर पाय काढायचा नाही. ही रीत का पडली, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. पंचांनी लांबण लावू नये म्हणून असेल, असं लोक म्हणत. त्यात तथ्य होतंच. पायाला एखादी जळू लागली की गावातल्या सगळ्यात बोलघेवड्या माणसाचं म्हणणंही दोन वाक्यांत आटपायचं.

पंचांची मुख्य होती एक म्हातारी. सगळं गाव तिला आत्याबाई म्हणायचं, पण ती खरी आत्या होती ती केरबाची. केरबाची आई तो पाळण्यात असतानाच गेली आणि मागोमाग बापही गेला. आत्यानंच त्याला भरवून, न्हाऊ घालून, प्रसंगी धपाटे घालून वाढवलं. तिला दुसरं कुणी नव्हतं. केरबा मोठा झाला, शहरात जाऊन एका उस्तादाकडे लुगडी रंगवायचं काम शिकला आणि गावी परत आला. हाताला गुण होता. त्यानं रंगवलेलं तांबडं लुगडं दहा धुण्यांनंतरही फिकं पडत नसे.

त्याला रंगाची भट्टी घालायची होती. रंगाऱ्याला पाणी लागतं आणि पाणी चिबडाच्या कडेला होतं. त्यानं चिबडाचा खालच्या अंगाचा एक कोपरा मागितला.

ठरल्या दिवशी पंच कोपऱ्यावर आले. केरबा आधीच येऊन थांबला होता आणि त्यानं पाण्यात एक भलीमोठी बाज आणून ठेवली होती.

"हे काय रे?" आत्यानं विचारलं.

"आत्या, तुझे गुडघे सुजलेत. पाण्यात उभी राहिलीस तर रात्रभर कण्हत बसशील. तू बाजेवर बस."

आत्या संकोचली. पण कुंभार पंच म्हणाला, "बसा आत्याबाई. पोरगं मायेनं करतंय." मग आत्या बसली. ती बसली म्हणून शेजारी सुतार टेकला. सुतार टेकला म्हणून कुंभारही टेकला. बघता बघता पाचही पंच पाय वर घेऊन ओळीनं बसले. बाज करकरली, पण मोडली नाही. केरबा शेजारच्या दगडावर उभा राहिला. रीत मोडली असं कुणाला वाटलंच नाही, कारण पंच पाण्यातच होते की. फक्त पाय कोरडे होते.

केरबा म्हणाला, "कोपरा लहान आहे. मुरूम टाकून उंच करीन आणि चिबडाच्या बाजूनं भिंत घालीन. रंगाचं पाणी खालच्या अंगाला सोडीन. चिबडात थेंबही जाणार नाही."

पंचांनी एकमेकांकडे पाहिलं. कोपरा खरंच लहान होता. पोरगं गुणी होतं. परवानगी मिळाली नाही तर ते पुन्हा शहरात जाईल, हेही सगळ्यांना माहीत होतं आणि सगळ्यांपेक्षा जास्त आत्याला माहीत होतं. त्या दिवशी बाजेवर पंच बसलीच नव्हती, आत्या बसली होती. तीच आधी म्हणाली, "द्या परवानगी."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. कुणालाही जळू लागली नाही.

भट्टी उभी राहिली. मुरूम पडला, भिंत आली, रांजण आले. केरबाची तांबडी लुगडी गावोगावच्या बाजारांत जाऊ लागली आणि चार बायकांना कामही मिळालं. आत्या रोज दुपारी त्याची भाकरी घेऊन जायची. ती सुखात होती.

पाऊस आला आणि गेला. संक्रांत झाली आणि विहिरींचे दोर लांबवावे लागले. गावात असं कधी झालं नव्हतं. जे पाणी उरलं, त्यालाही जिभेवर रेंगाळणारी तुरट चव होती. पोरांची पोटं दुखू लागली.

लोक म्हणाले, "यंदा पाऊसच कमी झाला." कुणी म्हणालं, "विहिरीत पाला पडला असेल, त्याची चव आहे." विहिरी उपसल्या, पाला काढला. चव तशीच राहिली.

एका दुपारी आत्या भाकरी देऊन परत निघाली. पायाला मुरूम लागला होता, तो धुवावा म्हणून भिंतीच्या कडेनं चिबडात उतरली. उन्हानं पाणी कोमट झालं होतं. तिनं दोन पावलं टाकली आणि ती थांबली. तिथं घोट्याला पाणी एकदम गार लागत होतं. गार आणि चालतं. चिबडाच्या पोटातून एक धार येत होती, भिंतीपाशी येऊन थटत होती आणि वाट न मिळून मागं वळत होती.

आत्या तिथंच उभी राहिली. डोळ्यांना सगळं पाणी सारखंच दिसतं. कुठलं साचलं आहे आणि कुठलं चाललं आहे, ते पायांना कळतं. पंच अनवाणी पाण्यात का उभे राहत, ते तिला त्या दिवशी कळलं. विहिरींकडे जाणारं पाणी याच कोपऱ्यातून जमिनीत उतरत होतं आणि नेमका तोच कोपरा मुरूम टाकून बुजवला होता. आता भिंतीपलीकडे केरबा तुरटीचं आणि रंगाचं पाणी ओतत होता आणि विहिरींच्या वाटेनं आता तेवढंच खाली उतरत होतं.

तिनं केरबाला हाक मारली. तो आला, पाण्यात उतरला आणि त्यालाही ते कळलं. त्याचा चेहरा उतरला.

मग हळूच म्हणाला, "आत्या, पाऊस कमी झाला असंच सगळे म्हणतायत. म्हणू दे की. पुढच्या साली चांगला पाऊस पडला तर होईल सगळं नीट."

"आणि नाही झालं तर?"

"तुझ्या-माझ्याशिवाय कुणाला माहीत आहे हे? सगळी पुंजी या भट्टीत घातलीय मी. ही मोडली तर मला गावात राहून काय करायचंय? शहरात उस्तादाकडे पुन्हा मजूर म्हणून उभं राहावं लागेल."

आत्यानं त्याच्याकडे पाहिलं. याच पोराच्या तापात ती रात्री जागली होती. तिला फार वाईट वाटलं, इतकं की पाय उचलेना. पण विहिरीवर भेटलेली पोरं, पोटावर हात धरून बसलेली, तीही तिच्या डोळ्यांपुढून हलेनात.

"केरबा," ती म्हणाली, "तुला परवानगी दिली तेव्हा मी तुझी आत्या होते. तिथंच चुकलं. आता पंच होऊ दे मला."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पंचांना बोलावलं. चौघे पाण्यात उतरले. आत्या मात्र त्यांच्या बाजूला गेली नाही. मागणारा जिथं उभा राहतो तिथं, केरबाच्या शेजारी, जाऊन उभी राहिली.

"आत्याबाई, तुमची जागा इकडं," कुंभार म्हणाला.

"आज नाही. आज माझ्याच चुकीचा निवाडा आहे. तुम्ही चौघांनी करायचा. आधी भिंतीच्या कडेनं चालून बघा."

चौघे चालले. गार पाण्याशी आल्यावर सुतार थांबला, मग कुंभार थांबला. परत येऊन कुंभार म्हणाला, "आत्याबाई, चूक तुमची एकटीची नाही. त्या बाजेवर आम्हीही बसलो होतो. उलट आम्हीच तुम्हाला म्हणायला हवं होतं, की भाच्याच्या कामात तुम्ही बोलू नका."

निकाल सोपा होता आणि कडू होता. भिंत पाडायची, मुरूम उचलायचा, कोपरा होता तसा करायचा. चूक पंचांची होती म्हणून कष्टाला सगळं गाव येईल, असंही ठरलं.

लोक आले, टोपल्या भरल्या. केरबानंही मुकाट्यानं टोपल्या वाहिल्या. काम संपल्यावर त्यानं रांजण गाडीत चढवले आणि शहराकडे निघाला. आत्यानं बांधून दिलेली भाकरी तो ओट्यावर तशीच ठेवून गेला. ती भाकरी आत्यानं कुणाला दिली नाही की खाल्लीही नाही. दुसऱ्या दिवशी गाईला घातली.

पुढचा पाऊस धड चांगला नव्हता की धड वाईट नव्हता. पण कोपरा मोकळा होता. पाणी चिबडात शिरलं, लव्हाळ्यांत थांबलं आणि आपल्या जुन्या वाटेनं उतरलं. कार्तिकात विहिरी पुन्हा वर आल्या आणि ती तुरट चवही गेली. विहिरीवर बायका म्हणत, "आत्याबाईंमुळं हे पाणी." आत्या घागर भरून घरी जायची. घरी गेल्यावर एका माणसाचा स्वयंपाक करताना तिला पीठ नेहमी जास्तच पडायचं.

दिवाळीनंतर केरबा परत आला. उंबऱ्यात उभा राहून म्हणाला, "उस्तादाकडं मन लागत नाही. गावाच्या खाली, विहिरींच्याही खालच्या अंगाला जो खडकाळ माळ आहे, तिथं भट्टी घालीन म्हणतो. पाणी गाडीनं वाहून न्यावं लागेल. नेईन."

"जेवलास का?" आत्यानं विचारलं.

माळ चिबडापासून लांब होता, तिथं पंचांना विचारायची गरज नव्हती. तरी केरबानं त्यांना बोलावलं. आत्या त्या दिवशी घरून निघालीच नाही. चौघांनी त्याला इतकं खोदून खोदून विचारलं की परक्यालाही कुणी विचारलं नसतं. वापरलेलं पाणी जाणार कुठं, पावसात ओढ्याला मिळणार का, खड्डे किती खोल, कडेनं वाळ्याचं गवत लावणार का. केरबानं सगळं कबूल केलं आणि जे ठाऊक नव्हतं, ते ठाऊक नाही म्हणून सांगितलं. खड्डे आधी खणले, भट्टी नंतर घातली.

काही काळ गेला. एक दिवस शहरातला एक बडा व्यापारी दोन बैलांच्या झुलीदार गाडीतून गावात आला. त्याला अर्धं चिबड भरून तिथं मोठी वखार बांधायची होती. माणूस हुशार होता. पंचांकडे थेट जाण्याआधी त्यानं गावात चौकशी केली, मुख्य पंच कोण, तिचं जवळचं कोण. मग गाडी सरळ माळावर आणली.

केरबा लुगडी पिळून दोरीवर टाकत होता.

व्यापारी गोड हसून म्हणाला, "रंगारीदादा, तुमच्या आत्याबाई पंच आहेत म्हणे. तुम्ही घरचे माणूस. आमच्यासाठी एक शब्द टाका. तुमचाही फायदा बघू."

केरबानं हातातलं लुगडं नीट झटकून दोरीवर पसरलं.

"शेठ, त्या चिबडात माझी भिंत होती. आत्यानं पाडायला लावली. मी तिच्या हातची भाकरी खाऊन मोठा झालोय." त्यानं दुसरं लुगडं उचललं. "तुम्ही तिचे कोण?"

व्यापाऱ्यानं गाडीवानाला गाडी वळवायला सांगितली. पंचांना त्या दिवशी पाण्यात उतरावंच लागलं नाही.

तात्पर्य इतकंच: जे सगळ्यांचं आहे ते राखायला बसलेल्यानं पहिला नकार आपल्या माणसाला द्यावा. मग परक्याला नकार द्यायची वेळ फारशी येत नाही.