दीपमाळेचा मान

भैरोबाच्या देवळापुढच्या दीपमाळेवर त्रिपुरी पौर्णिमेला दिवे लावायचा मान सटवाजी गुरवाचा. सत्तरी उलटली तरी बाहेर आलेल्या दगडांवर पाय देत गडी सरसर शेंड्याला पोचायचा. रोज पहाटे एकदा चढून उतरल्याशिवाय तो चहाला तोंड लावत नसे.

यंदा नवे इनामदार पारावर लोडाला टेकून म्हणाले, "म्हाताऱ्या, पुरे झाल्या उड्या! आता घरात खाटेवर पडून राहायचं. हा मान आजपासून आमचा."

सटवाजीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तरी त्यानं हात जोडले. "देतो की, सरकार. पण माझ्या बानं मला हा मान दिला तो पार शेंड्यावर, पेटती पणती हातात ठेवून. आपणही तिथंच घ्या."

"त्यात काय मोठंसं!" म्हणत इनामदारांनी धोतर खोचलं.

सटवाजी पणती घेऊन वर पोचलासुद्धा. इनामदार मात्र चौथ्याच दगडावर धापा टाकत दीपमाळेला मिठी मारून राहिले. वर जाता येईना की खाली उतरता येईना. सारा गाव तोंडाला पदर, उपरणं लावून हसत होता.

शेंड्यावरून सटवाजी गरजला, "सरकार, मी घरी बसायला तयार आहे. मला बसवायला तेवढं वर या!"