होकार मोजणारे पंत

एका राजधानीत कान्होपंत नावाचे एक परीक्षक होते. माणूस सचोटीचा. कुणाच्या घरची सुपारीसुद्धा फुकट तोंडात टाकायचे नाहीत. तिथल्या राजाने एक मोठं विद्यापीठ काढलं होतं आणि तिथे उद्योगविद्या शिकवली जाई. तीन वर्षं तिथे शिकलं की माणूस स्वतःचा धंदा उभा करतो, अशी त्या विद्यापीठाची ख्याती. ती खरी की खोटी, हे दरसाल तपासून राजाला कळवायचं काम पंतांकडे होतं.

आता पंत तपासायचे कसे, ते ऐका. निरोपाच्या दिवशी मुलांना पुरणपोळीचं जेवण असे. पंगत उठली की पंत एकेकाला विचारत, "काय रे, स्वतःचा धंदा काढणार ना?" पोट तुडुंब भरलेलं, समोर गुरुजी उभे, गावाकडून आईबाप आलेले. अशा वेळी नाही कोण म्हणेल हो? सगळी पोरं "काढणार" म्हणत. पंत होकार मोजत आणि अहवालात लिहीत, 'विद्या शंभर टक्के गुणकारी.' राजा खूश, विद्यापीठाचे आचार्य विद्याधरशास्त्री त्याहून खूश. अशी अकरा वर्षं गेली.

याच वर्षांत एकदा सगुणा नावाची एक विधवा पंतांच्या दारी आली. तिचा मुलगा पहिल्या तुकडीत शिकलेला.

"पंत, तुम्ही विचारलंत तेव्हा माझा लेक हो म्हणाला. पुढं त्याचं काय झालं, ते विचारायला कधी आला नाहीत."

"बाई, माझं काम विद्यापीठाच्या अंगणापुरतं."

"एकदा येऊन बघा. इथून दोन कोस तर आहे."

"बघू," पंत म्हणाले आणि विसरून गेले. अहो, दोनच कोस! तेवढे चालले असते, तर पुढचं सगळं टळलं असतं.

पंतांना एकुलता एक मुलगा होता, मुकुंद. बायको गेल्यापासून पंतांचा सगळा जीव त्याच्यात अडकलेला. मुकुंदला कापड रंगवायचं वेड. चार वर्षं तो रावजी रंगाऱ्याच्या हाताखाली राबत होता. निळीचा रांजण आंबून तयार झाला की नाही, हे नुसत्या वासावरून ओळखायचं असतं. त्या धंद्यात सगळ्यात अवघड तेच. रावजी म्हणे, "पंत, पोरगं गुणाचं आहे. पण नाक अजून कच्चं आहे. आणखी दोन वर्षं राहू द्या माझ्याकडे."

पंतांना ते पटेना. ज्या विद्येची आपण दरसाल राजापुढे वाहवा करतो, ती सोडून आपलाच मुलगा रांजण हुंगत बसणार? लोक तोंडावर हसतील! त्यांनी मुकुंदला रावजीकडून उठवलं आणि विद्यापीठात घातलं.

तीन वर्षांत मुकुंद पुष्कळ शिकला. धाडस कसं करावं, गिऱ्हाईक कसं जिंकावं, चारचौघांत छाती काढून कसं बोलावं. निरोपाच्या दिवशी पंतांनी त्यालाही तोच प्रश्न विचारला. मुकुंद घुटमळला.

"बाबा, मला भीती वाटते. रावजीकाकांकडचं शिक्षण अर्धंच राहिलंय."

"वेडा आहेस का? सगळे ऐकतायत. हो म्हण," पंत दबक्या आवाजात म्हणाले.

मुकुंद हो म्हणाला आणि पंतांनी तोही होकार मोजला.

मुकुंदने विणकरांच्या एका गावात रंगशाळा थाटली. बोलण्यात तर तो आता पटाईत झाला होता. विणकरांनी संक्रांतीच्या चंद्रकळांचं सगळं सूत विश्वासाने त्याच्या हवाली केलं. रांजणाचा वास काही त्याला उमगला नाही, पण धाडस करायला शिकला होता ना! रांजण तयार आहे असं त्याने आपलं ठरवून टाकलं. निळीत पुन्हा पुन्हा बुडवून सूत बाहेर आलं ते काळंभोर. लुगडी विणली गेली, विकली गेली. नव्या सुनांनी ती पहिल्यांदा धुवायला काढली आणि सगळा रंग नदीत वाहून गेला. अख्ख्या गावाची वर्षाची मेहनत बुडाली. एका म्हाताऱ्या विणकरणीने मुकुंदला एवढंच विचारलं, "लेकरा, येत नव्हतं तर नाही म्हणायचंस की रे." त्याच दिवशी मुकुंद कुणाला न सांगता गाव सोडून गेला.

ही बातमी पंतांपर्यंत पोचली. पोराला शोधायचं कुठे? त्याच्यासारखेच शिकून गेलेले कुणी आसरा देतील, या आशेने पंत विद्यापीठाच्या जुन्या मुलांची दारं ठोठावत निघाले.

"मुकुंद इथे नाही आला," एक जण म्हणाला, "आणि माझा धंदाही आता इथे नाही. आठ महिने टिकला."

दुसरा बाजारात पोती वाहत होता. तिसऱ्याने पंतांना पाहून दार लावून घेतलं. थोडे जण धंद्यात उभे होते, नाही असं नाही. पण त्यांच्या घरात तो धंदा आजोबांपासून चालत आलेला. ते विद्यापीठाची पायरी न चढताही उभे राहिले असते. सगुणेच्या दारी पंत गेले, तेव्हा तिने आधी पाणी दिलं. मग म्हणाली, "माझ्या लेकानं गळफास लावून घेतला, पंत. तुमचा तरी सापडो." पंतांनी पाण्याचं भांडं तसंच खाली ठेवलं.

मुकुंद सापडला तो घाटाखालच्या एका धर्मशाळेत, तापाने फणफणलेला. त्याने बापाला ओळखलं.

"बाबा, मी त्या दिवशी खरं सांगत होतो."

चौथ्या दिवशी तो गेला.

पंत तेराव्यानंतर राजापुढे जाऊन उभे राहिले. पाहिलं ते सगळं सांगितलं. "महाराज, माझे अहवाल फसवे होते. पोरं काय बोलतात ते मी लिहिलं, त्यांचं काय झालं ते कधी पाहिलं नाही. ही विद्या थांबवा, नाहीतर पोरांना आधी रावजीसारख्यांच्या हाताखाली राबू द्या."

"पुत्रशोकाने पंतांचं चित्त ठिकाणावर नाही," विद्याधरशास्त्री हळूच म्हणाले.

राजा म्हणाला, "पंत, तुमच्या शब्दावर मी यंदा आणखी चार विद्यापीठं काढली. तिथे हजार मुलं येऊन बसली आहेत. अकरा वर्षं तुम्ही एक सांगितलंत, आज दुसरंच सांगता. मी कोणत्या कान्होपंतांवर विश्वास ठेवू?"

खोटं कधी न बोललेला माणूस तो, आणि आज त्याचं खरं कुणी ऐकेना. राजाला त्यांची दया आली. त्याने त्यांना कामातून मोकळं केलं आणि त्यांच्या जागी नवा परीक्षक नेमला. जुन्यासकट पाचही विद्यापीठं सुरू राहिली.

तात्पर्य: विद्येचा गुण शिकणाऱ्याच्या होकारावरून ठरवू नये, तो पुढे उभा राहिला की कोसळला, हे त्याच्या दारी जाऊन पाहावं. जो आपलं घर उजाड होईपर्यंत हे पाहत नाही, त्याच्या खऱ्या बोलण्यालाही मग कुणी विचारत नाही.